गच्ची सगळ्यांची, मग सोलर कोणीच काऊन लावत नाही? नागपूरच्या फ्लॅट स्कीमच्या कमिट्यांना खुलं पत्र

नागपुरातल्या सगळ्या फ्लॅट स्कीमचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कमिटी मेंबर यांना,

सप्रेम नमस्कार.

सरळ मुद्द्यावर येतो. बेसा, मनीषनगर, मानेवाडा, हुडकेश्वर, नाहीतर तिकडे गोधनी, काटोल रोड, कुठल्याही लेआउटमध्ये गाडीच्या मागच्या सीटवर बसून एक चक्कर मारा आणि वर पाहत चला. ज्यांचं प्लॉटवर स्वतःचं घर आहे त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या छतावर सोलरच्या प्लेटा लागलेल्या दिसतील, कोणाकडे तीन किलोवॅट, कोणाकडे पाच, आणि त्याच रोडवर मधेमधे आपल्या चार मजली, पाच मजली फ्लॅट स्कीम उभ्या आहेत त्यांच्या गच्चीवर काय दिसतं तर पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या, गंजलेल्या कुलरच्या बॉड्या आणि बाकी मोकळा स्लॅब. प्लॉटवाल्याचं छत हजार-बाराशे फुटांचं, आपली गच्ची अडीच-तीन हजार फुटांची. ऊन दोघांवरही सारखंच पडते. पण त्याचं बिल कमी झालं आणि आपलं दर उन्हाळ्यात वाढूनच राहिलं आहे.

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, देशभरात एक कोटी घरांवर सोलर लावायचं म्हणून ७५,०२१ कोटींची तरतूद आहे, आणि या योजनेत नागपूर जिल्हा राज्यात पुढे आहे असं महावितरण वेळोवेळी सांगत आलंय. ऐकून बरं वाटते. पण हे पुढे असणं बहुतेक स्वतंत्र घरांच्या जोरावर आहे, फ्लॅटमध्ये राहणारा माणूस यात जवळपास कुठेच नाही, आणि आता तर शहर वरच वाढून राहिलं आहे, जिथे जुनी घरं होती तिथे स्कीम उभ्या होऊन राहिल्या. म्हणजे येत्या काळात ज्यांना सोलर पाहिजे त्यातले जास्तीत जास्त लोक फ्लॅटवालेच असणार. त्यांच्यासाठी दार उघडायचं का नाही हे दिल्लीत किंवा मुंबईत ठरत नाही. ते तुमच्या कमिटीच्या मीटिंगमध्ये ठरते, म्हणून हे पत्र तुम्हाला.

थोडं मागचं पण सांगतो, कारण बऱ्याच जणांना माहीतच नाही. केंद्राच्या जुन्या सोलर सिटी कार्यक्रमात, अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी, नागपूर हे मॉडेल सोलर सिटी म्हणून निवडलं गेलं होतं, चंदीगड, गांधीनगर, म्हैसूर यांच्या बरोबरीनं. पाच वर्षांत शहराची पारंपरिक ऊर्जेची अंदाजित गरज किमान दहा टक्के कमी करायची असं त्या कार्यक्रमाचं उद्दिष्ट होतं. तेव्हा प्लेटा महाग होत्या, सबसिडीचं वेगळंच गणित होतं, लोकांनी फार तर पाणी गरम करायचा सोलर हीटर लावला आणि विषय थांबला. आज प्लेटांच्या किमती तेव्हाच्या मानानं कितीतरी खाली आल्यात, सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, मेट्रोच्या स्टेशनांवर सोलर आहे, शेजारच्या प्लॉटवर सोलर आहे. तेव्हाची सगळी कारणं संपली. राहिली फक्त आपली मीटिंग.

आता नागपूरच्या उन्हाबद्दल, कारण इथे एक गैरसमज आहे. आपण म्हणतो मे महिन्यात पारा ४५-४६ ला जातो म्हणजे तेव्हा सोलर धो-धो चालत असेल. तसं नसते. प्लेटेला उजेड पाहिजे, गर्मी नको. प्लेटेचा सेल २५ डिग्रीच्या वर जितका तापतो तितकी वीज थोडी-थोडी कमी होत जाते, एका डिग्रीमागे साधारण ०.३५ ते ०.४ टक्के, आणि नवतप्यात दुपारी दोन वाजता प्लेटेचा सेल ६५-७० डिग्रीपर्यंत जातो, म्हणजे तेव्हा ती आपल्या ताकदीच्या पंधराएक टक्के कमीच देत असते. चांगलं जनरेशन फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, आकाश मोकळं असते, दिवस मोठा व्हायला लागलेला असतो आणि हवा अजून पेटलेली नसते. मे पण काही वाईट नाही, दिवस मोठा असल्यानं भरपाई होते. कमी येते ते जुलै-ऑगस्टमध्ये, झडीच्या दिवसांत. वर्षाची सरासरी धरली तर एक किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट, महिन्याला १२० च्या आसपास, आणि एका किलोवॅटला जागा लागते साधारण १०० चौरस फूट. एवढे तीन आकडे डोक्यात ठेवले की आपल्या गच्चीचं गणित कोणालाही मांडता येते.

आमच्याच स्कीमचं मांडून दाखवतो. १२ फ्लॅट, एक लिफ्ट, खाली टाकीतून वर पाणी चढवायची मोटर, एक बोअर, जिन्यातले आणि पार्किंगचे लाईट. कॉमन मीटरचे युनिट महिन्याला साडेचारशेच्या आसपास येतात. आता हा कॉमन मीटर घरगुती दरातच मोडतो आणि त्यालाही दराचे स्लॅब लागतात, म्हणजे वापर वाढला की पुढच्या युनिटचा दर वाढतो, हे खूप कमिट्यांच्या लक्षातच येत नाही. आपापल्या घरी आपण शंभर-दीडशे युनिटवर हिशोब ठेवतो, पण कॉमन मीटर एकटा बाराजणांचं ओझं वाहून तीनशेच्या पार जातो आणि तिथले पुढचे युनिट खूपच महाग दरांनी पडतात. म्हणजे आपल्या बिल्डिंगमधली सगळ्यात महाग वीज आपण जिन्यातल्या बल्बसाठी आणि पाण्याच्या मोटरसाठी घेतो! मेंटेनन्स वाढवायचा विषय निघाला की सगळे भांडतात, पण ते बिल हातात घेऊन युनिट कुठल्या स्लॅबमध्ये गेले हे कोणी पाहत नाही.

याच मीटरवर चार किलोवॅट सोलर लावलं तर महिन्याला ४८० च्या आसपास युनिट तयार होतात, म्हणजे कॉमन मीटर जवळपास पूर्ण भागतो, उरतो तो स्थिर आकार आणि थोडंफार. जागा ४०० फूट. खर्च ब्रँड आणि स्ट्रक्चरप्रमाणे कमीजास्त होतो पण सव्वादोन-अडीच लाख धरा. हाउसिंग सोसायटी आणि रहिवासी संघांना कॉमन सोयींसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये सबसिडी आहे, म्हणजे ७२,००० परत येतात. उरलेले पावणेदोन लाख धरले तर फ्लॅटमागे पंधरा हजारांच्या आत काम होते. बिल वाचते महिन्याला पाच हजारांच्या आसपास. तीनेक वर्षांत पैसे वसूल आणि प्लेटांची परफॉर्मन्स वॉरंटी २५ वर्षांची असते. मी काही चार्टर्ड अकाउंटंट नाही, पण यात तोटा कुठे आहे तो मला कोणीतरी दाखवावा. इन्व्हर्टर मधे एकदा बदलावा लागू शकतो हे धरूनही गणित बसते.

आता प्रत्येक फ्लॅटच्या स्वतःच्या मीटरचा विषय, इथे खरी अडचण आहे हे मान्य. तीन हजार फुटांच्या गच्चीतून टाक्या, लिफ्टची मशीन रूम, जिन्याचं टप, त्यांची सावली आणि चालायची जागा सोडली तर अर्धी गच्ची हाती येते. त्यात कॉमन मीटरचे चार किलोवॅट गेले की बाकी अकराएक किलोवॅट. उंच स्ट्रक्चर करून टाक्यांच्या वरून नेलं तर अजून थोडं. म्हणजे १२ फ्लॅटला सरासरी एकेक किलोवॅट. लोक म्हणतात एक किलोवॅटनं काय होते, तीन पाहिजेत. होते ना जी, खूप होते. ज्या घरी महिन्याला २२० युनिट लागतात तिथे १२० सोलरचे वजा झाले की बिल शंभर युनिटांवर येते, आणि शंभर युनिटांच्या पार गेलं की दर जवळपास दुप्पट होतो हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. तो पहिला किलोवॅट महाग स्लॅबमधले युनिट खातो, म्हणून तोच सगळ्यात जास्त पैसे वाचवतो. सबसिडी पण पहिल्या दोन किलोवॅटलाच जास्त आहे, किलोवॅटमागे ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, आणि कमाल ७८,००० वर थांबते. सरकारनं सुद्धा लहान सिस्टिमलाच झुकतं माप दिलंय.

मग होते काय, तर एखादा उत्साही फ्लॅटवाला कमिटीकडे एनओसी मागतो, मला तीन किलोवॅट लावायचे आहेत म्हणून. कमिटी घाबरते की याला तीन दिले तर उद्या बाकीचे येतील, सगळ्यांना कुठून देणार, आणि कोणाला हो आणि कोणाला नाही म्हणण्यापेक्षा सगळ्यांनाच नाही म्हटलेलं बरं. आमच्या स्कीमच्या मीटिंगमध्ये हेच झालं. एका तरुण जोडप्यानं अर्ज दिला होता, कोटेशन जोडलं होतं, प्लेटा कुठे बसतील त्याचं हातानं काढलेलं चित्र जोडलं होतं, आणि पाच मिनिटांत "पुढच्या वेळी पाहू" म्हणून फाईल बंद. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, मला माहीत आहे. पण नियमच ठरलेला नसेल तर पहिला येणारा माणूस हावरट वाटतो आणि नाही म्हणणारी कमिटी दुष्ट वाटते, दोघंही नसतात तसे.

म्हणून माझी पहिली विनंती ही आहे की वाटणीचा नियम आधी करा, अर्ज नंतर घ्या. गच्चीची वापरता येण्यासारखी जागा एकदा मोजून घ्या. त्यातून कॉमन मीटरचा वाटा आधी काढा. उरलेली जागा फ्लॅटप्रमाणे वाटा, ज्याचा जितका अविभक्त हिस्सा त्याप्रमाणे किंवा सरळ समान, जे तुमच्या लोकांना पटेल ते. ज्याला आता लावायचं नाही त्याचा वाटा दुसऱ्यानं तात्पुरता वापरायचा असेल तर ते लेखी करा, किती वर्षांसाठी आणि नंतर प्लेटा कोण काढणार त्यासकट. फ्लॅट विकला तर सोलर फ्लॅटसोबत जाणार का नाही ते पण त्यातच लिहा. दोन पानांचा ठराव होईल. एवढ्या दोन पानांअभावी हजारो फुटांच्या गच्च्या उन्हात पडून आहेत.

गच्ची बिल्डरची आहे असं काही ठिकाणी ऐकायला मिळते. इथे मी कमिट्यांना हात जोडून सांगतो की आपलं डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे स्कीमच्या नोंदणीचा दस्तऐवज, बाहेर काढा आणि वाचा. आपल्या नागपुरात बऱ्याच स्कीम सोसायटी म्हणून नाही तर महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा १९७० खाली अपार्टमेंट म्हणून नोंदलेल्या आहेत, आणि त्या कायद्यात सामाईक जागांच्या व्याख्येतच छत आहे, डिक्लरेशनमध्ये वेगळं काही लिहिलं नसेल तर ते सगळ्या फ्लॅटधारकांचं सामाईक आहे. वेगळं लिहिलं असेल तर वकिलाला दाखवा. पण न वाचताच "बिल्डरची आहे म्हणतात" यावर वर्षानुवर्षं बसून राहू नका. आणि जिथे स्कीमचं डिक्लरेशनच झालेलं नाही, कमिटी नावालाच आहे, कॉमन मीटर अजून बिल्डरच्या नावानं येते, तिथे सोलर तर जाऊच द्या, उद्या लिफ्ट बदलायची म्हटली तरी अडणार आहे. ते काम सोलरच्या निमित्तानं होऊन जाईल.

गळतीची भीती मात्र खरी आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. वरच्या मजल्यावर राहतो, मला विचारा. स्लॅबमध्ये ड्रिल मारून फास्टनर ठोकले की वॉटरप्रूफिंगला भोक पडते आणि तिसऱ्या पावसाळ्यात ते खाली दिसते. पण त्याचा उपाय आहे, स्लॅबला न छेदता वरून काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात स्ट्रक्चरचे पाय बसवतात, हे व्हेंडरकडून लिहून घ्यायचं, आणि वॉटरप्रूफिंग जुनं असेल तर ते आधी करून घ्यायचं, प्लेटा बसल्यावर नाही. एका ओळखीच्यांच्या स्कीममध्ये ठोकळे लहान टाकले, मे महिन्यात वादळ आलं आणि एक रांग हलली, पडली नाही पण हलली, आणि ज्यानं बसवलं तो महिनाभर फोनच उचलत नव्हता. त्यामुळे सगळ्यात स्वस्त कोटेशनवर उडी मारू नका. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी स्ट्रक्चरची जाडी काय, ठोकळ्याचं माप काय, अर्थिंग किती, लाईटनिंग अरेस्टर आहे का नाही, हे विचारा. योजनेत व्हेंडरनं पाच वर्षं देखभाल द्यायची असते, ती करारात आहे का पाहा.

वजनाची काळजी खूप जण करतात. ५४० वॅटची एक प्लेट साधारण २८ किलोची, चार किलोवॅटला आठ प्लेटा म्हणजे सव्वादोनशे किलो, स्ट्रक्चर आणि ठोकळे धरून ते अजून वाढते पण ४०० फुटांवर पसरते. आपल्या गच्चीवर हजार लिटरची एक टाकी भरली की चार फुटांच्या गोलात एक टन वजन उभं राहते आणि अशा चार-सहा टाक्या आपण वर्षानुवर्षं ठेवतोच. तरी बिल्डिंग पंचवीस-तीस वर्षं जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा बोलवा, ते तसंही करायलाच पाहिजे. गारपिटीचं म्हणाल तर प्लेटांची टेस्टच २५ मिलिमीटरच्या गारांनी घेतलेली असते. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये कधीकधी त्याहून मोठ्या पडतात, त्यासाठी विमा काढता येतो.

आणि आता तो विषय ज्यावर आमच्या मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ गेला. वाळवण. काकू लोकांचा थेट प्रश्न होता की कुरड्या, पापड, सरगुंडे, मुगवड्या कुठे घालायच्या? कोजागिरीला दूध कुठे आटवायचं? संक्रांतीला पोरं पतंग कुठून उडवणार? मला हे प्रश्न फालतू वाटत नाहीत. फ्लॅटमध्ये राहून आपल्याकडे अंगण राहिलं नाही, गच्ची हेच आपलं अंगण आहे, आणि ते जर लोखंडी पायांनी भरून गेलं तर बिल कमी होऊनही बिल्डिंगमधलं काहीतरी जाईल. म्हणून स्ट्रक्चर माणूस खालून ताठ चालेल इतकं उंच घ्या, थोडा खर्च वाढतो पण घ्या. सगळी गच्ची झाकू नका, पूर्वेकडचा किंवा दक्षिणेकडचा एक पट्टा मोकळा सोडा, वाळवणाला कडक ऊन सकाळपासून मिळते. कोजागिरी तर प्लेटांच्या बाजूला मोकळ्या पट्ट्यात आरामात होते. पतंगाचं मात्र खरंच सांभाळावं लागेल, नायलॉन मांजा स्ट्रक्चरला आणि वायरींना अडकतो, पोरं तो काढायला प्लेटांवर चढतात आणि त्यातून जीवाला धोका आहे. संक्रांतीच्या दोन-तीन दिवसांत गच्चीवर एक मोठा माणूस हजर ठेवा, एवढं तर आपण करू शकतो. तसाही नायलॉन मांजावर बंदीच आहे.

या सगळ्यात वरच्या मजल्यावाल्यांचा फायदा कोणी मोजतच नाही. नवतप्यात वरच्या मजल्यावर रात्री अकरा वाजता भिंतीला पाठ टेकवता येत नाही. दिवसभर स्लॅब ऊन पितो आणि रात्रभर ते खाली सोडतो, पंखा लावला की तीच गरम हवा अंगावर येते. लोक गच्चीवर पांढरा पेंट मारतात, ओली पोती टाकतात, संध्याकाळी पाणी मारतात, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्याची काय हालत असते ते वेगळं सांगायला नको. उंच स्ट्रक्चरवर प्लेटा आल्या की स्लॅबवर दिवसभर सावली, खालून वारा खेळतो. ज्या घरात म्हातारी माणसं आहेत, लहान बाळ आहे, त्यांच्यासाठी ही सावली बिलापेक्षा मोठी गोष्ट आहे. आमच्या मजल्यावर अशी दोन घरं आहेत, त्यांच्यासाठी मी हे भांडून राहिलो आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवतो म्हणजे नंतर कोणाला फसवल्यासारखं वाटायला नको. लाईन गेली की साधं सोलर पण बंद होते. लोकांना राग येतो, एवढं ऊन आहे, प्लेटा आहेत आणि पंखा बंद? कारण हे की लाईन गेलेली असताना आपल्या गच्चीवरून वीज तारेत गेली तर खांबावर काम करणाऱ्या लाईनमनचा जीव जाईल, म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो. लिफ्ट आणि पंखे चालू पाहिजेत तर बॅटरीवाली हायब्रिड सिस्टिम लागते, तिचा खर्च बराच जास्त आहे. माझं मत असं की कॉमन मीटरला आधी साधं लावा, बॅटरीच्या नादात मूळ काम अडकवू नका.

साफसफाईचं पण आधीच ठरवा. आपल्या शहरात धूळ खूप, कोराडी-खापरखेड्याकडच्या भागात तर राख पण. आठ-दहा दिवसांतून एकदा सकाळी ऊन चढायच्या आत साध्या पाण्यानं आणि मऊ वायपरनं पुसायचं, दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. वॉचमनला त्याचे वेगळे पैसे द्या, त्याच्या पगारात हे काम गुपचूप घुसवू नका.

कोराडीचं नाव निघालंच आहे तर हेही बोलतो. आपल्या घरातली वीज कुठून येते हे आपल्याला दिसते, रात्री काटोल रोडवरून त्या चिमण्यांचे लाल दिवे दिसतात. कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन संच, पलीकडे खापरखेडा १३४० मेगावॅट, दोन्ही कोळशावर. जुलै २०२२ मध्ये कोराडीचा खसाळ्यातला राखेचा बंधारा फुटला तेव्हा ती राख नाल्यात, शेतात गेली. आपण एसी लावून झोपतो त्याची राख त्या गावांच्या विहिरीत जाते. आपल्या गच्च्यांनी कोराडी बंद होणार नाही, रात्रीची वीज तिथूनच येणार आहे अजून बरीच वर्षं. पण उन्हाळ्याच्या दुपारी सगळं शहर कुलर-एसी लावून बसते त्याच वेळी आपल्या गच्चीवर वीज तयार होते आणि आपल्याच गल्लीतल्या शेजाऱ्याकडे जाते. त्या गावांच्या इतक्या जवळ राहून एवढं तरी आपण केलं पाहिजे असं मला मनापासून वाटते.

दोन गोष्टी महावितरण आणि वीज नियामक आयोगासाठी पण लिहितो, कमिट्यांनी त्या आपल्या लेटरहेडवर पुढे पाठवाव्या.

पहिली ही की नेट मीटरचं, म्हणजे सोलरची जास्तीची वीज लाईनमध्ये गेली की तिचे युनिट आपल्या बिलातून वजा करणाऱ्या मीटरचं, वर्ष ३१ मार्चला संपते. थंडीत कुलर बंद, वापर कमी, सोलर चांगलं चालते, युनिट जमा होत जातात, फेब्रुवारी-मार्चमध्ये तर भरपूर. आणि बरोबर ३१ मार्चला ते उरलेले युनिट आयोगानं ठरवलेल्या दरानं विकत घेऊन खातं शून्य, हा दर आपण वीज घेतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. दुसऱ्या दिवसापासून एप्रिल, कुलरचा सीझन चालू, आणि आपली पाटी कोरी. विदर्भाच्या माणसासाठी ही तारीख एकदम चुकीची आहे. हिशोबाचं वर्ष सप्टेंबरअखेर संपलं तर थंडीतले युनिट उन्हाळ्यात वापरता येतील, उन्हाळा-पावसाळा काढून उरले तर तेव्हा हिशोब करा. यात कोणाला फुकट काही द्यायचं नाहीये, फक्त तारीख हलवायची आहे. आणि तोपर्यंत कमिट्यांनी लक्षात ठेवायचं की गरजेपेक्षा मोठी सिस्टिम लावू नका, जास्तीचे युनिट मातीमोल जातात, वर्षभराची बिलं काढून तेवढंच लावा.

दुसरी, व्हर्च्युअल नेट मीटरिंग. म्हणजे गच्चीवर एकच मोठी सिस्टिम, आणि तिचे युनिट ठरलेल्या टक्क्यांनी प्रत्येक फ्लॅटच्या बिलात वजा. १२ वेगळे इन्व्हर्टर नको, १२ वायरी चार मजले खाली आणायला नको, कोणाच्या प्लेटेवर टाकीची सावली पडते यावरून भांडण नको. दिल्लीत याचे नियम २०१९ पासून आहेत आणि सूर्यघर योजनेतही त्याला जागा आहे. नागपुरात फिरताना मला एकही फ्लॅट स्कीम अशी दिसली नाही. महावितरणनं निदान एका स्कीमला हाताशी धरून हे करून दाखवावं, अर्ज कोणता, कोणाकडे द्यायचा, बिलात कसं दिसेल, सगळं. आमची स्कीम तयार आहे. एक झाली की बाकीच्यांना सांगावं लागणार नाही.

महावितरणच्या बाजूनं जे सोपं झालंय ते पण सांगितलं पाहिजे. २०२४ च्या केंद्राच्या नियमांनंतर दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीसाठी थांबावं लागत नाही, तो मंजूर धरला जातो. पूर्वी इथेच महिनोन् महिने जायचे. कर्ज सरकारी बँका कमी व्याजानं देऊन राहिल्या आहेत. सबसिडी काम पूर्ण झाल्यावर खात्यात येते, त्यामुळे सुरुवातीचे पैसे आधी उभे करावे लागतात, त्याची तयारी ठेवा. आणि योजना २०२६-२७ पर्यंतच आहे, पुढे वाढेल का नाही कोणी सांगू शकत नाही, म्हणून "पुढच्या वेळी पाहू" हे आता परवडणारं नाही.

तर अध्यक्ष साहेब, सचिव साहेब, ताई, काका, येत्या मीटिंगच्या अजेंड्यावर हे दोन विषय लेखी घ्या. एक, कॉमन मीटरवर सोलर. दोन, गच्चीच्या वाटणीचा ठराव. मीटिंगच्या आधी खजिनदारांनी कॉमन मीटरची मागच्या १२ महिन्यांची बिलं काढून नोटीस बोर्डावर लावावी, युनिटच्या आकड्याखाली पेननं रेघ मारून, म्हणजे मीटिंगमध्ये अंदाजानं बोलणं होणार नाही. दोन पोरांना टेप घेऊन गच्चीवर पाठवा, सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता टाक्यांची आणि बाजूच्या बिल्डिंगची सावली कुठे पडते ते खडूनं आखून घ्या, ती जागा सोडून बाकीची मोजा. कोटेशन किमान तीन आणा, योजनेच्या पोर्टलवर नोंदणी असलेल्या व्हेंडरकडूनच.

ठरावाचा कच्चा मसुदा मी लिहून ठेवलाय, ज्या कमिटीला पाहिजे तिनं आपल्या सोयीनं बदलून वापरावा. आमच्या स्कीममध्ये त्या जोडप्याचा अर्ज मी पुन्हा लावून धरलाय, यावेळी त्याच्या आधी वाटणीचा ठराव ठेवलाय, आणि वरच्या मजल्यावरच्या चारही घरांच्या सह्या झाल्या आहेत.

आपला,
मानेवाडा रोडवरचा एक फ्लॅटधारक